सत्तरच्या शेव्हेलला तिसऱ्यांदा शॉक बसवले, आता बोलतो

चार वर्षांत शॉकचे, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचे, तीन सेट, म्हणजे बारा नग, आणि तेही एकाच गाडीला. हे ऐकून कोणाला वाटेल की याला फार कळतं, कोणाला वाटेल की काहीच कळत नाही, आणि पहिल्या आठ नगांपर्यंत तरी दुसरंच खरं होतं. शेवटचे चार बिल्स्टाइन कंपनीचे आहेत, दोन सीझन झाले, पाचेक हजार मैल झाले असतील, त्यामुळे आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही. पण नुसतं मस्त आहेत, डोळे झाकून घ्या असं लिहिलं तर तुमचेही पहिले आठ वाया जातील, म्हणून जरा मागून सुरू करतो, घाई असेल त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

गाडी १९७० ची शेव्हरोलेची शेव्हेल मालिबू, दोन दारांची, ३५० क्यूबिक इंचाचं इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे दहा बोल्टवालं हाउसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलचा डबा. एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट ही जोरकस आवृत्ती, नाही. बॅज चिकटवून एसएस केलेली पण नाही, तो प्रश्न येण्याआधीच सांगून टाकतो. ३९६ आणि ४५४ अशी मोठी इंजिनं असलेले हिच्याकडे गरीब चुलतबहिणीकडे बघावं तसं बघतात, पण खालचा सांगाडा तोच, जनरल मोटर्सची ए-बॉडी, पुढे चाक धरणारे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे ॲक्सल धरणाऱ्या चार लिंक आणि परत कॉइल स्प्रिंग, म्हणजे त्या काळची पॉन्टिॲक जीटीओ काय, ओल्ड्स कटलास काय, ब्यूक स्कायलार्क काय, सगळ्या सख्ख्या बहिणी. शॉकच्या बाबतीत एकीला लागू ते बहुतेक सगळ्यांना लागू.

आणि गाडी चालते मिशिगनमध्ये. ज्यांनी इथला एप्रिल पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. हिवाळाभर फटीत पाणी जाऊन गोठतं, रस्ता फुगतो, मग वितळतं आणि खड्डा तयार. फ्रीवेवर काँक्रीटचे सांधे, ठराविक अंतरावर टक्-टक्-टक्. रस्त्यावर मीठ असेपर्यंत गाडी गॅरेजच्या बाहेर निघत नाही, साधारण मे ते ऑक्टोबर एवढाच आमचा संसार. त्यात ऑगस्टमधला तिसरा शनिवार म्हणजे वुडवर्ड ड्रीम क्रूझ, डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवरची जुन्या गाड्यांची मोठी फेरी, ज्यात गाडी चालवायची कमी आणि पहिल्या गिअरमध्ये रांगायची जास्त. थोडक्यात माझा वापर म्हणजे रेस नाही, ड्रॅग म्हणजे सरळ पट्ट्यावरची शर्यत नाही, कोपरे कापणं तर नाहीच. पन्नास-साठ मैल लांब जायचं, काहीतरी खायचं, परत यायचं. हा वापर मी स्वतःशी कबूल केला तो तिसऱ्या सेटच्या वेळी, पहिल्या दोन वेळी मला वाटायचं आपण काहीतरी वेगळेच आहोत.

पहिला सेट रिस्टोरेशनच्या वेळचा. रंग, क्रोम, सीट यात सगळे पैसे संपले आणि शॉकच्या खात्यात उरले ते एवढेच की दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर होते ते चार काळे नग आणले, साधे तेलाचे, गॅस नसलेले, ओरिजिनलसारखे दिसतात म्हणून मनाची समजूत. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण चूक नगाची होती की माझी हे आजही शंभर टक्के सांगता येणार नाही. पहिले दोन महिने बरं वाटलं. मग ५५-६० वर गेलं की फ्रीवेच्या लांब लाटेवर गाडी वर जायची, खाली यायची, परत वर, तिसऱ्यांदाही थोडी वर, म्हणजे पुढचा उंचवटा आला तरी आधीचं डोलणं चालूच. ब्रेक दाबला की नाक खाली. लेन बदलली की अंग उशिरा येणार, आधी चाकं जाणार आणि मागून बाकीची गाडी काय चाललंय म्हणून विचारत येणार.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. मऊ नको ना, मग कडक घेऊ. एका दुकानात फोन लावला, त्यांचंही नाव नको, समोरच्या माणसाने वर्ष विचारलं, मॉडेल विचारलं आणि कार्ड नंबर विचारला. स्प्रिंग कोणत्या, गाडी खाली केलीय का, टायर काय, वापर काय, यातलं एक अक्षर नाही. हेवी ड्यूटी, हाय परफॉर्मन्स, सगळे हेच नेतात. मी पण नेले. मोनोट्यूब, गॅसचे, चांगले जाड. बसवल्यावर डोलणं गेलं, एकदम गेलं, आणि त्याच्या जागी प्रत्येक सांध्यावर पाठीच्या मणक्यात दणका. डॅशबोर्डमधून असे आवाज यायला लागले जे पन्नास वर्षांत कोणी ऐकले नसतील. बायको एकदा बसली, पंधरा मैल काही बोलली नाही, परत निघताना म्हणाली, "तू ये पुढे, मी उबर करते."

इथे जरा थांबून शॉक नक्की करतो काय ते सांगतो, कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर चारशे डॉलर वाचले असते. आपल्याकडे गॅरेजवाले शॉकअप म्हणतात आणि धक्का खाणारी वस्तू अशीच आपली समजूत असते. धक्का खाते ती स्प्रिंग. गाडीचं वजनही तीच उचलते. शॉकचं काम त्यानंतरचं, स्प्रिंगने गिळलेला धक्का ती परत बाहेर टाकणार, मग परत गिळणार, हा झोका थांबवायचा. आत पिस्टन आहे, त्याला बारीक भोकं आणि त्यावर पातळ पत्र्याच्या चकत्या, पिस्टन तेलातून ढकलला की तेल त्या वाटेने कष्टाने जातं आणि त्या कष्टाची उष्णता होते. लांब खराब रस्त्यावरून आलात की शॉकला हात लावून बघा, गरम लागतो, ते तुमचे झोके आहेत.

म्हणून गाडीची उंची कमी झाली असेल, एक कोपरा बसला असेल, तर शॉक बदलून काहीही होणार नाही. साधा तेलाचा शॉक वजन उचलतच नाही. अपवाद म्हणजे एअर शॉक, ज्यात हवा भरून मागचा भाग वर करता येतो, सत्तरच्या दशकात पोरं मागे रुंद टायर घालण्यासाठी हेच करायची आणि गाडी कायम टाचा वर करून उभी असल्यासारखी दिसायची. दिसायला मजा आहे, मी नाही म्हणत नाही, पण मग वजन स्प्रिंगच्या बैठकीऐवजी शॉकच्या बोल्टवर येतं, आणि तो ब्रॅकेट त्या कामासाठी बनवलेलाच नाही. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या पत्र्याला तर अजिबात नाही.

आता कडक-मऊ प्रकरण. कॅटलॉगमध्ये लो स्पीड, हाय स्पीड असं लिहिलेलं असतं आणि बऱ्याच जणांना वाटतं की गाडीचा वेग. नाही. शॉकचा रॉड किती वेगाने आतबाहेर होतोय तो वेग. ब्रेक लावल्यावर नाक खाली जातं, वळणावर गाडी कलते, फ्रीवेच्या लाटेवर डोलते, हे सगळं सावकाश, रॉड सेकंदाला दोन-चार इंच सरकतो. खड्डा, सांधा, रेल्वे क्रॉसिंग, इथे रॉड त्याच्या कितीतरी पट वेगाने आत जातो, मग गाडी तिशीत का असेना. आपल्याला हवं असतं ते उलटसुलट, सावकाश हालचालीला विरोध भरपूर आणि जोरदार धक्क्याला वाट मोकळी. स्वस्त शॉकमध्ये हे दोन्ही साधत नाही, तिथे भोक ते भोक, वेग वाढला की विरोध वाढत जातो. चांगल्या शॉकमध्ये पिस्टनवरच्या चकत्या अशा रचतात की एका मर्यादेनंतर त्या वाकून तेलाला रस्ता देतात. बिल्स्टाइनची ख्याती यावरच आहे, याला डायग्रेसिव्ह व्हॉल्व्हिंग म्हणतात, शब्दाचा बाऊ नको, आधी घट्ट आणि नंतर ढिलं एवढाच अर्थ.

बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबायची आणि किती वेळा हलते ते मोजायचं, ही परीक्षा सगळेच घेतात. मेलेला शॉक त्यात पकडला जातो, ठीक आहे. पण चांगला कुठला आणि वाईट कुठला हे त्यात कळत नाही, कारण माणूस दाबून दाबून रॉड किती वेगाने हलवणार. माझा दुसरा सेट त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होता.

ट्विनट्यूब आणि मोनोट्यूब यावर लोक हमरीतुमरीवर येतात म्हणून थोडक्यात. ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी, तेल आतून बाहेर जातं-येतं, वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. नुसती हवा असेल तर खराब रस्त्यावर ती तेलात मिसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही, म्हणून माझे काळे नग पहिल्या वीस मैलांत बरे आणि चाळिसाव्या मैलाला होडी. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तळाशी जास्त दाबाचा नायट्रोजन आणि तेल व गॅस यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन, त्यामुळे फेस होत नाही, आणि बाहेरची भिंत थेट वाऱ्याला लागते म्हणून थंडही लवकर होतो. कल्पना द कार्बों नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची, ती मोठ्या प्रमाणात बाजारात आणली बिल्स्टाइनने, १९५० च्या दशकात मर्सिडीजसाठी. तोटे दोन. एक, गॅसचा दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो, त्यामुळे गाडी किंचित उचलली जाते, माझी पुढून पाव इंच उचलली. दुसरा, बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तर पिस्टन तिथेच अडकतो, ट्विनट्यूबमध्ये बाहेरचा पोचा बऱ्याचदा चालून जातो.

असो, परत दणक्यांकडे. दुसऱ्या सेटचा एक महिना झाल्यावर कोणीतरी सांगितलेली युक्ती केली, शॉकच्या रॉडला प्लॅस्टिकची केबल टाय बांधली, बॉडीला टेकवून. गाडी चालवली की बॉडी ती टाय रॉडवर सरकवत नेते आणि जिथपर्यंत शॉक जास्तीत जास्त दाबला गेला तिथे ती थांबते. दहा मैल फिरून आलो, पुढच्या दोन्ही टाय पार वरच्या टोकाला. आणि खाली बॅटरी मारून बघितलं तर आर्मच्या रबरी बंप स्टॉपवर चकचकीत घासलेला डाग. म्हणजे मी ज्याला कडक शॉक म्हणत होतो तो निम्मा वेळ शॉक नव्हताच, रबर फ्रेमला आपटत होतं.

मग फूटपट्टी घेतली. चारही मडगार्डची उंची जमिनीपासून मोजली, आणि जी गोष्ट रिस्टोरेशनच्या पहिल्या दिवशी करायला पाहिजे होती ती तीन वर्षांनी केली. पुढच्या स्प्रिंगा सव्वा इंच बसल्या होत्या, उजवी डावीपेक्षा जास्त. इतक्या रंगवलेल्या, इतक्या सुंदर, की त्या १९७० च्या आहेत आणि पन्नास वर्षं उभ्या आहेत हे डोक्यातच आलं नाही. वाळूचा मारा करून काळा रंग दिला की स्प्रिंग नवी होत नाही बाबांनो. मला शॉकने स्प्रिंगचं दुखणं बरं करायचं होतं, आणि तेही दोनदा.

नव्या स्प्रिंगा मागवल्या, ओरिजिनल उंचीच्या आणि ओरिजिनल कडकपणाच्या. इथे एक सांगतो, इंजिन स्मॉल ब्लॉक (लहान, हलकं) की बिग ब्लॉक (मोठं, जड), एसी आहे, एसी नाही, यावर स्प्रिंग बदलते, मागवताना गाडीत खरंच काय आहे ते सांगा, कागदावर काय होतं ते नको. सोबत आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश बदलले, कारण जुने वाळून खडखडीत झालेले, आणि बुश गेलेले असले की कुठलाही शॉक बदनाम होतो. टायरमध्ये कोणीतरी ४० पीएसआय हवा भरून ठेवली होती, ती ३० वर आणली, आणि एवढ्यानेच दणक्यांतला बराच भाग गेला. कोणीतरी म्हणजे मीच.

मग गंमत म्हणून तोच दुसरा, कडक सेट परत बसवला. प्रामाणिकपणे सांगायचं तर नव्या स्प्रिंगांवर तो खूप सुधारला, आपटणं बंद, पण तरी मऊ स्प्रिंगला तो जास्तच होत होता, कारण तो खाली केलेल्या, कडक स्प्रिंगवाल्या गाड्यांसाठी बेतलेला. कडक स्प्रिंग जोरात उसळते म्हणून तिला आवरायला कडक रिबाउंड, म्हणजे शॉक उघडतानाचा विरोध, लागतो, मऊ स्प्रिंगवर तोच रिबाउंड इतका आवळतो की चाक खड्ड्यात उतरायच्या आधीच पुढचा खड्डा येतो, आणि चार-पाच सांधे सलग आले की गाडी हळूहळू खाली खाली दबत जाते. शेवटी एका कटलासवाल्या मित्राला निम्म्या किमतीत देऊन टाकले, त्याची गाडी दोन इंच खाली, स्प्रिंगा जाड, तो त्यांच्यावर बेहद्द खुश आहे. तेच चार नग, तीच ए-बॉडी.

आता पर्याय. मी बघितले, मित्रांच्या गाड्यांत बसून फिरलो, त्यातून जे समजलं ते असं. गाडी मुख्यतः शोला नेणार, ट्रेलरवरून उतरवणार, तर साधा ट्विनट्यूब पुरेसा आहे, फक्त गॅस भरलेला घ्या. मनरो हे इथलंच नाव, कंपनी मिशिगनच्या मनरो गावात १९१६ मध्ये सुरू झाली, आणि त्या जातीचे नग स्वस्तात पडतात. केवायबीमध्ये दोन जाती आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात, एक्सेल-जी म्हणजे ट्विनट्यूब, गॅस-अ-जस्ट म्हणजे मोनोट्यूब, नावं सारखी वाटली तरी गाडी एकदम वेगळी होते. लांब पल्ल्याच्या मऊ गाडीला पहिला बघा, दुसरा मुळातच घट्ट असतो आणि ज्यांना तसंच आवडतं त्यांना तो फार आवडतो.

कोनीचे लाल क्लासिक म्हणजे जुन्या लोकांचं प्रेम. रिबाउंड बदलता येतो, पण त्यासाठी शॉक काढायचा, पूर्ण दाबून खालच्या खाचेत बसवायचा आणि फिरवायचा. म्हणजे एकदा नीट ठरवायचं आणि विसरायचं. उलट क्यूए-वन वगैरेंचे बाहेरून गोल बटण फिरवायचे, सिंगल ॲडजस्टेबलला १८ क्लिक, आणि डबल घेतलात तर कम्प्रेशनचे (दाबतानाच्या विरोधाचे) १८ वेगळे, रिबाउंडचे १८ वेगळे, म्हणजे ३२४ जोड्या. ट्रॅकवर जाणारा असेल, किंवा आठवडाभर रस्ता आणि रविवारी ड्रॅग स्ट्रिप, तर पैसा वसूल. माझ्यासारख्याने घेतले तर पहिले दोन महिने दर रविवारी गाडीखाली झोपणार, वहीत आकडे लिहिणार, आणि मग ४ का ५ नंबरवर लावून परत कधी हात लावणार नाही. एकाला ओळखतो, त्याच्या वहीत अकरा पानं आहेत. मऊ-कडक आपल्याला नक्की किती हवंय हे माहीतच नसेल तर मात्र ॲडजस्टेबल हा शिकण्याचा चांगला रस्ता आहे, हे मान्य. सिंगलमध्ये एक लक्षात ठेवा, बटण एकच असल्यामुळे कम्प्रेशन आणि रिबाउंड सोबतच वाढतात, एकाला वेगळं करता येत नाही.

९०/१० लिहिलेले शॉक दिसले आणि स्वस्तात मिळतायत म्हणून रस्त्याच्या गाडीला घालू नका. ते पुढच्या चाकांसाठी, ड्रॅगसाठी. दाबायला ९० टक्के विरोध, उघडायला १०, म्हणजे सुटताना नाक पटकन वर येऊन वजन मागच्या चाकांवर जावं आणि तिथेच राहावं. वुडवर्डच्या सिग्नलला शोभून दिसेल, पुढच्या वळणावर घाम फुटेल.

शेव्हेल सोडून बाकीच्यांसाठी दोन शब्द. १९६७ ची कॅमॅरो असेल तर मागचे दोन्ही शॉक ॲक्सलच्या पुढच्या बाजूला आहेत आणि बहुतेकींना पाटा एकच, त्यामुळे जोरात सुटलं की हाउसिंग नाचायचं. कंपनीने १९६८ ला एक पुढे एक मागे असे शॉक केले, आणि ताकदवान गाड्यांना एकाऐवजी अनेक पाटे दिले. म्हणजे ६७ आणि ६८ चे मागचे शॉक एकच समजून मागवू नका. मस्टँगमध्ये पुढची स्प्रिंग आणि शॉक वरच्या आर्मवर उभे, टॉवरमध्ये, काम वरून करायचं, हे सोपं. मोपारवाल्यांच्या, म्हणजे क्रायस्लरच्या गाड्यांच्या, पुढे कॉइल नाहीच, टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा, त्यामुळे उंची बोल्ट फिरवून बदलते आणि मग शॉक मधल्या भागात बसतोय ना हे परत बघावं लागतं.

आणि हेच सगळ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप आहे, लांबी. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॉक पूर्ण दाबलेला किती, पूर्ण उघडलेला किती आणि आत्ता किती. आत्ताचा आकडा साधारण मधे यायला हवा. दोन इंच खाली केलेल्या गाडीला स्टॉक लांबीचा शॉक घातला की दाबायला जागा उरत नाही आणि बंप स्टॉपच्या आधी शॉकच आतून आपटतो, मग तो कितीही महाग असू दे. हे तीन आकडे कॅटलॉगमध्ये असतात, दुकानदार देत नसेल तर दुकान बदला.

मी बिल्स्टाइन घेतले, स्टॉक उंचीसाठीचे, चार मिळून साडेचारशेच्या आसपास गेले. बसवणं एका शनिवारचं काम, म्हणजे मला दोन शनिवार लागले. पुढचे सोपे, वरचा नट इंजिन बेमधून, खाली आडव्या पिनचे दोन बोल्ट, शॉक लोअर आर्मच्या भोकातून खाली ओढून काढायचा आणि नवा तसाच स्प्रिंगच्या मधून वर सारायचा. नवा नग पट्टी बांधून येतो, ती वर सारण्याच्या बेतात असताना कापायची, आधी नाही, कारण एकदा उघडला की परत दाबायला अंगाचा सगळा भार लागतो आणि सोबत दोन शिव्या. वरचा नट आवळताना रॉड फिरतो. तेव्हा पकडीने रॉड धरायचा मोह होतो, तो आवरा, रॉडवर एक ओरखडा पडला की तो सील कापत बसतो आणि सहा महिन्यांत तेल बाहेर. टोकाला पाना बसायला जागा दिलेली असते ती वापरा. आणि नट किती आवळायचा, तर रबर फुगून वायसरच्या कडेपर्यंत येईल एवढाच, पार चपटा होईपर्यंत नाही.

मागे वरचे दोन-दोन बोल्ट हे ए-बॉडीचं जुनं दुखणं. गंजून बसलेले असतात, पाना लावला की डोकं तुटून हातात. मी दोन रात्री आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत होतो तरी चारातला एक तुटलाच, मग ड्रिल, मग नवे आटे, तो माझा दुसरा शनिवार. आणि एक गोष्ट फार मोठ्याने सांगायची आहे, मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत हाउसिंग खाली किती लोंबणार हे शॉकच धरून ठेवतो. गाडी फ्रेमवर उचलून घोड्यांवर ठेवली आणि हाउसिंगला आधार न देता शॉक सोडले, तर ते धाडकन खाली येईल, ब्रेकची नळी ताणून तुटेल आणि स्प्रिंग निसटून तुमच्या पायावर पडेल. हाउसिंगखाली जॅक हवाच, एका वेळी एकच बाजू. जाता जाता, नवे रबरी बुश घातले असतील तर आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, लोंबत्या आर्मवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

रस्त्यावर कशी आहे? पहिल्या मैलात मला वाटलं परत चुकलो, कारण पार्किंगमधून बाहेर पडताना छोट्या छोट्या उंचवट्यांवर थोडी ताठ लागते. आधी घट्ट नंतर ढिलं म्हणजे हेच. मग वेग वाढवला, त्याच फ्रीवेवर गेलो जिथे पहिल्या सेटची होडी व्हायची, लाट आली, गाडी वर गेली, खाली आली, संपलं. एकदा. सांधे कानाला ऐकू येतात, पाठीला फार नाही. ब्रेकला नाक खाली जातं पण विचारून जातं. ज्या रेल्वे क्रॉसिंगवर मी दहाच्या स्पीडने जायचो तिथे आता पंचविसाने जातो आणि स्टिअरिंग हातात राहतं. वळणावर गाडी अजूनही कलते, आणि ते शॉकने थांबवायचं कामच नाही, त्यासाठी मागे अँटी-रोल बार हवा, जो कंपनी त्या काळी एफ४१ सस्पेन्शनसोबत द्यायची आणि माझ्या मालिबूच्या पहिल्या मालकाने घेतला नव्हता. पुढच्या हिवाळ्यात बघू.

व्हील अलाइनमेंट करून घ्या मात्र, स्प्रिंग बदलली की उंची बदलते आणि उंचीसोबत सगळे कोन. आणि १९७० चा जुना तक्ता समोर धरून करू देऊ नका, तो त्या काळच्या बायस प्लाय (तिरक्या थरांच्या, जुन्या पद्धतीच्या) टायरसाठी होता, रेडियल टायरला कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) जास्त पॉझिटिव्ह लागतो. हे केल्यावर गाडी सरळ जायला लागली आणि मला वाटलं शॉकचीच कमाल, तर ते श्रेय शॉकचं नाही.

कुरकुर करायची तर हीच, हळू चालवताना तो ताठपणा जाणवतो. निव्वळ गादीसारखी गाडी हवी असेल, त्या काळी नवीन गाडी चालायची तशी, तर गॅसचा ट्विनट्यूब घ्या आणि उरलेल्या पैशात बुश बदला. बिल्स्टाइनचा पिवळा रंग कॉनकोर्सवाल्यांना, म्हणजे सगळं अगदी ओरिजिनलसारखंच हवं म्हणणाऱ्यांना, खुपेल, ओरिजिनल डेल्को शॉक राखाडी होते वगैरे, त्यांनी रंगवून घ्यावेत किंवा माझ्या गाडीखाली वाकू नये. ऑगस्टमध्ये बायको वुडवर्डला सोबत आली, येताना-जाताना दोन्ही वेळा, उबरचा विषय निघाला नाही.

एवढं सगळं झाल्यावर मागून उजव्या बाजूने टक्-टक् यायला लागलं. मी वरचा बोल्ट परत काढला, तोच, नवे आटे पाडलेला, बुश बघितले, खालचा नट बघितला, शॉक हातात घेऊन हलवून बघितला, सगळं ठणठणीत. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मुलीने डिकी उघडली आणि जॅकचा दांडा काढून विचारलं, "बाबा, हा असाच सुटा ठेवायचा असतो का?"